शोधपत्रकारिता म्हणजे नेमकं काय? टेंभूच्या आगरकरांपासून गावच्या मोबाईलपर्यंतचा प्रवास, अडचणी आणि पुढची वाट

कराड : गावात नवा रस्ता होतो. नारळ फुटतो, फोटो निघतात, बातमी येते. पहिल्याच पावसाळ्यात खडी वर येते. कुणी काय केलं, किती खाल्लं, याची चर्चा पारावर, चहाच्या टपरीवर, डेअरीच्या रांगेत रोज होते. गावाला सगळं ठाऊक असतं, पण बातमी काही येत नाही. कारण ठाऊक असणं वेगळं आणि कागदावर सिद्ध करणं वेगळं. या दोन्हींमधलं अंतर कापण्याचं काम म्हणजे शोधपत्रकारिता.

हे काम फक्त मुंबई-दिल्लीच्या मोठ्या पत्रकारांचं, असा समज आहे. प्रत्यक्षात या कामाची एक मोठी परंपरा कराड तालुक्यातूनच सुरू होते. ती काय आहे, आज हे काम का अडलं आहे आणि पुढे ते कोण करणार, याची ही माहिती.

साधी बातमी आणि शोधबातमी

सभा झाली, अपघात झाला, निकाल लागला ही साधी बातमी. घडलं ते सांगितलं, काम झालं. शोधबातमीत तीन गोष्टी वेगळ्या असतात. पहिली, ती माहिती कुणीतरी लपवलेली असते. दुसरी, ती पत्रकाराने स्वतः खणून काढलेली असते. कुणी आयती हातात दिलेली नसते. तिसरी, त्यात जनतेचं हित असतं. एखाद्याच्या घरातलं भांडण चव्हाट्यावर आणणं म्हणजे शोधपत्रकारिता नव्हे. सरकारी पैसा, सार्वजनिक जमीन, नदी, दवाखाना, शाळा, उसाचा काटा हे तिचे विषय.

रस्त्याचंच उदाहरण घ्या. ‘रस्ता निकृष्ट झाला’ ही तक्रार झाली. पण अंदाजपत्रकात खडीकरणाची जाडी किती लिहिली होती, मोजमाप पुस्तकात (ज्याला सगळे एमबी म्हणतात) किती दाखवली, बिल कितीचं निघालं आणि जागेवर खणून मोजली तर किती भरली, हे चार आकडे शेजारी शेजारी मांडले की ती शोधबातमी होते. मग तिला ‘राजकारण आहे’ म्हणून उडवता येत नाही.

टेंभूचा संपादक आणि १०१ दिवसांचा तुरुंग

मराठी वृत्तपत्रांची सुरुवात बाळशास्त्री जांभेकर यांच्या ‘दर्पण’पासून झाली. ६ जानेवारी १८३२ ही त्याची तारीख, म्हणून राज्यात ६ जानेवारीला पत्रकार दिन पाळतात. त्यानंतर ४९ वर्षांनी, ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ निघाला. त्याचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर. जन्म १४ जुलै १८५६, गाव टेंभू, तालुका कराड. आज टेंभू म्हटलं की उपसा सिंचन योजना आठवते. पण गावाची पहिली ओळख आगरकरांचीच.

‘केसरी’ आणि त्याचं इंग्रजी भावंड ‘मराठा’ यांनी सुरुवातीलाच कोल्हापूर संस्थानाचं प्रकरण हाती घेतलं. छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जातो आणि यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा आरोप होता. आरोपाला आधार म्हणून काही पत्रं हाती आली होती. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. न्यायालयात ती पत्रं बनावट ठरली. १८८२ मध्ये आगरकर आणि लोकमान्य टिळक या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. या खटल्यात महात्मा फुले यांच्या सांगण्यावरून त्यांचे सहकारी रामशेठ उरवणे जामिनासाठी पुढे आले होते. विचार वेगळे असूनही मदत झाली, हे लक्षात ठेवण्यासारखं.

दोघे सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांचं स्वागत केलं. पण पत्रकारितेच्या दृष्टीने या प्रकरणाचा धडा कडू आहे. हेतू चांगला होता, विषय लोकांचा होता, धाडसही होतं. कागद मात्र खोटा निघाला. आज व्हॉट्सॲपवर फिरणारं पत्र, कापलेला व्हिडिओ, कुणाच्या तरी सहीचा फोटो याच जातीचा असतो. कागद हातात आला म्हणजे बातमी झाली, असं नाही. तो कुठून आला, कुणी दिला, का दिला, मूळ दप्तरात तसाच आहे का, हे पाहिल्याशिवाय छापू नये. हा धडा जवळपास दीडशे वर्षांपूर्वी कराडच्याच माणसाने तुरुंगात जाऊन घेतला.

खेड्यातून वर्तमानपत्र निघू शकतं का, याचं उत्तरही जुनंच आहे. मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून पाच दशकांहून अधिक काळ ‘दीनमित्र’ चालवलं, तेही अहमदनगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. ना वीज, ना पक्की सडक.

दोन प्रकरणं, ज्यांनी सरकार हलवलं

सिमेंट प्रकरण : १९८१ मध्ये सिमेंट खुल्या बाजारात सहज मिळत नव्हतं, कोट्याने मिळायचं. ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी लिहिलं की मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांच्याशी संबंधित ट्रस्टला बिल्डर देणग्या देतात आणि त्यांना सिमेंट मिळतं. पद्धत साधी होती. देणगी कधी आणि किती, सिमेंट कधी आणि किती, या दोन याद्या जुळवल्या. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतुले यांच्या विरोधात निकाल दिला आणि त्यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला मात्र पुढे अनेक वर्षं रेंगाळला.

सिंचन प्रकरण : राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालातल्या आकड्यांवरून वाद उठला. दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च होऊन सिंचनाखालचं क्षेत्र जेमतेम ०.१ टक्का वाढलं, असं त्यातून दिसत होतं. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सरकारला लिहिलेलं पत्र बाहेर आलं. पत्रकारांनी प्रकल्पागणिक वाढलेल्या किमती काढल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. तेव्हाचे मुख्यमंत्री, कराडचे पृथ्वीराज चव्हाण यांच्या सरकारने नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका काढली. पवार त्याच वर्षी पुन्हा मंत्रिमंडळात आले. पुढे २०१९ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने विदर्भातल्या प्रकल्पांबाबत त्यांच्यावर जबाबदारी येत नसल्याचं उच्च न्यायालयात सांगितलं.

या दोन्ही प्रकरणांत एक समान धागा आहे. सरकारी कागदच सरकारविरुद्ध बोलला. आणि दोन्हींत हेही दिसतं की बातमीने चौकशी लावता येते, पण न्याय मिळवून देणं एकट्या बातमीच्या हातात नसतं.

पहिली अडचण : पोट

तालुक्याचा बातमीदार हा बहुतेक वेळा पूर्ण पगारी नोकर नसतो. मिळतं ते तुटपुंजं मानधन, नाहीतर त्याने आणलेल्या जाहिरातीवरचं कमिशन. म्हणजे सकाळी ज्या नेत्याकडे वाढदिवसाची जाहिरात मागायला जायचं, संध्याकाळी त्याच नेत्याच्या संस्थेचा घोटाळा लिहायचा. कसं लिहिणार?

कराड, वाळवा, पलूस, कडेगाव या पट्ट्यात तर गाठ आणखी घट्ट आहे. साखर कारखाना, बँक, दूध संघ, शिक्षण संस्था बऱ्याचदा एकाच गटाच्या हातात. जाहिरात तिथूनच येते. बातमीदाराचा स्वतःचा ऊस त्याच कारखान्याला जातो, भाऊ त्यांच्याच शाळेत शिक्षक असतो, पीक कर्ज त्यांच्याच बँकेचं असतं. धमकी द्यायची गरजच पडत नाही. ऊसतोडीची टोळी पंधरा दिवस उशिरा आली तरी निरोप पोचतो.

खरं तर उसाचा विषय शोधबातमीचा खजिना आहे. कायद्याप्रमाणे ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यावी लागते, नाहीतर १५ टक्के दराने व्याज लागतं. हा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला. कुणी थकवलं, याच्या याद्या साखर आयुक्तालयात असतात. व्याज किती शेतकऱ्यांना खरोखर मिळालं, हे गावोगाव विचारत फिरणं हे मात्र कुणालातरी करावं लागतं.

दुसरी अडचण : विकलेली जागा

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यातल्या मोठ्या, एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं कौतुक करणारा मजकूर जवळपास शब्दशः सारखा छापून आला. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये तो शेजारी शेजारी ठेवून दाखवला. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हापासून घरोघरी गेला. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये चव्हाण यांच्या खर्चाच्या हिशेबावर बोट ठेवलं, पण दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाची कारवाई रद्द केली. नेत्याचं काही बिघडलं नाही. वाचकाचा विश्वास मात्र कमी झाला, तो अजून पूर्ण भरून आलेला नाही.

याच विश्वासाला दुसरीकडून तडा देतात ते तोतया. गळ्यात कार्ड, गाडीवर ‘प्रेस’, हातात बूम. ‘बातमी लावू का?’ म्हणत वीटभट्टीवाला, क्रशरवाला, ग्रामसेवक यांच्याकडून पैसे उकळायचे. ही पत्रकारिता नव्हे, खंडणी आहे आणि त्यासाठी गुन्हा दाखल होतो. प्रामाणिक बातमीदाराचं सर्वांत जास्त नुकसान हीच मंडळी करतात. कारण उद्या त्याने खरा कागद दाखवला तरी लोक म्हणतात, ‘पैसे मिळाले नसतील म्हणून लिहिलं.’

तिसरी अडचण : जीव

६ फेब्रुवारी २०२३. रत्नागिरी जिल्ह्यातलं राजापूर. रिफायनरीच्या विषयावर सातत्याने लिहिणारे ‘महानगरी टाइम्स’चे पत्रकार शशिकांत वारिशे दुचाकीवरून जात असताना त्यांना एका मोठ्या गाडीने धडक देऊन फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात उपचारादरम्यान त्यांचा मृत्यू झाला. ज्या जमीन व्यावसायिकाबद्दल त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, तोच या खुनाच्या गुन्ह्यात आरोपी आहे.

त्याआधी ११ जून २०११ रोजी मुंबईत पवईला गुन्हेगारी विश्वावर लिहिणारे ज्योतिर्मय डे यांची गोळ्या घालून हत्या झाली. २०१८ मध्ये छोटा राजनला त्यात जन्मठेप झाली. १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे इथे जमीन व्यवहारांची माहिती काढणारे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी मारले गेले. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर हे भोंदूगिरी उघडी पाडणारे कार्यकर्ते आणि ‘साधना’चे संपादक. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. दोघांना २०२४ मध्ये जन्मठेप लागली, तिघे सुटले.

मोबाईलवर बातम्या करणाऱ्यांनी छत्तीसगडचं उदाहरण विसरू नये. बस्तरमध्ये स्वतःचं यूट्यूब चॅनेल चालवणारे मुकेश चंद्राकर यांचा मृतदेह ३ जानेवारी २०२५ रोजी एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टाकीत सापडला. त्यांनी रस्त्याच्या कामातला गैरव्यवहार दाखवला होता. विषय रस्त्याचाच होता, जो प्रत्येक तालुक्यात असतो.

‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या वृत्तस्वातंत्र्य यादीत २०२५ मध्ये १८० देशांत भारत १५१ वा होता. २०२४ मध्ये १५९ वा. अशा याद्यांबद्दल मतभेद असतात. पण वरची नावं ही यादी नाही, माणसं आहेत. आणि त्यातली बरीच जमीन, रस्ता अशा स्थानिक विषयांवरच काम करत होती.

कायदा काय म्हणतो?

संरक्षण : महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. विधिमंडळाने तो २०१७ मध्ये मंजूर केला आणि २०१९ मध्ये लागू झाला. हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने करायचा. खोटी तक्रार केली तर तक्रारदारावरही कारवाई होते. अडचण अशी की संस्थेचं नेमणूकपत्र नसलेला, जाहिरातीच्या कमिशनवर काम करणारा बातमीदार ‘पत्रकार’ कसा ठरणार, यावरच पोलीस ठाण्यात घोळ होऊ शकतो.

बदनामी : पूर्वीचं कलम ५००, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फौजदारी बदनामीचा कायदा कायम ठेवला. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य हा बचाव आहे, पण तो न्यायालयात सिद्ध करावा लागतो. त्यामुळे निकालापेक्षा तारखांचीच भीती मोठी. वकिलाची फी आणि बुडालेली मजुरी ही छोट्या पत्रकाराची खरी शिक्षा.

समाजमाध्यम : २०१२ मध्ये फेसबुक पोस्टवरून पालघरमध्ये दोन मुलींना अटक झाली. त्यातून सुरू झालेल्या लढ्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. सरकारबद्दलची कोणती बातमी खोटी, हे सरकारी कक्षानेच ठरवायचं, ही केंद्राची तरतूदही मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरवली. म्हणजे न्यायालयाचं दार पूर्ण बंद नाही.

माहितीचा अधिकार : गावकऱ्याचं हत्यार

शोधपत्रकारितेसाठी ओळखपत्र लागत नाही. १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू असलेला माहितीचा अधिकार कुणालाही वापरता येतो. पद्धत अशी :

१. अर्ज एका विषयाचा, १५० शब्दांच्या आत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

२. ‘भ्रष्टाचार का झाला?’ असं विचारू नका. कागद मागा. उदा. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक आणि देयक यांच्या प्रती. छायांकित प्रतीला पानामागे २ रुपये.

३. उत्तर ३० दिवसांत. जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांत.

४. उत्तर नाही किंवा अर्धवट मिळालं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. नंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. दोन्ही अपिलांना २० रुपये.

५. अर्जाशिवायही कागद बघता येतात. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायला मिळाले पाहिजेत.

दोन अडचणी आहेत. आयोगाकडे दुसरी अपिलं साचून राहतात. तोवर रस्त्यावर दुसरा थर पडलेला असतो. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं आहे. लाभार्थ्यांची नावं, अधिकाऱ्यांची मालमत्ता असे विषय ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारायला त्यामुळे जागा मिळते. तरीही कलम ८(२) शिल्लक आहे : लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते. अर्जात आणि अपिलात याचा उल्लेख करावा.

पुढची वाट : एकटं नको, मिळून

फिलिपिन्समध्ये १९८९ साली नऊ पत्रकारांनी प्रत्येकी हजार पेसो घालून शोधपत्रकारितेचं केंद्र काढलं. आपल्याकडची भिशीच म्हणा. पुढे याच केंद्राने राष्ट्राध्यक्ष एस्त्राडा यांच्या बंगल्यांची जमीन आणि कंपन्यांची कागदपत्रं जुळवली. आपल्या भाषेत सातबारा आणि फेरफार काढले. जानेवारी २००१ मध्ये एस्त्राडा यांना पद सोडावं लागलं. २०१६ च्या ‘पनामा पेपर्स’मध्ये जगभरातल्या ३७० हून अधिक पत्रकारांनी १ कोटी १५ लाख कागद वाटून वाचले. एकाला गप्प करता येतं, सगळ्यांना नाही, हा त्यातला हिशेब.

आपल्या देशातही उदाहरणं आहेत. उत्तर प्रदेशातल्या बुंदेलखंडात २००२ पासून ‘खबर लहरिया’ हे माध्यम ग्रामीण, प्रामुख्याने दलित समाजातल्या महिला चालवतात. आता ते मोबाईलवर आहे. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ‘पारी’ हे संकेतस्थळ मराठीतही वाचायला मिळतं. कराड तालुक्यातल्या शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने ब्रिटिशांची रेल्वे अडवून खजिना ताब्यात घेतला. त्याचे नायक, कुंडलचे कॅप्टन भाऊ रामचंद्र श्रीपती लाड, यांची कहाणी ‘पारी’ने त्यांच्या हयातीत नोंदवून देशापुढे नेली.

कराड-सांगली पट्ट्यात हेच छोट्या प्रमाणावर शक्य आहे. दोन-तीन तालुक्यांच्या पोर्टलनी एकच विषय वाटून घ्यावा. एकाने उसाच्या व्याजाचा, दुसऱ्याने वाळूचा, तिसऱ्याने पाणी योजनांचा. बातमी सगळ्यांनी एकाच दिवशी लावावी. मग जाहिरात कुणाची बंद करणार? उपग्रहाची जुनी-नवी छायाचित्रं मोबाईलवर फुकट दिसतात. कृष्णा-कोयनेचा काठ दहा वर्षांत कुठे खचला, ते घरबसल्या ताडता येतं. त्याच वेळी एआयने बनवलेला आवाज आणि व्हिडिओही आता खऱ्यासारखा वाटतो. बर्वे प्रकरणातली बनावट पत्रं आता अशी येणार आहेत.

वाचकाने काय करावं?

- कागद, फोटो, व्हिडिओ देताना तारीख, ठिकाण सांगा. मूळ फाईल जपून ठेवा, फॉरवर्ड केलेली नको.
- माहिती देणाऱ्याचं नाव ग्रुपवर टाकू नका. बातमीपेक्षा माणूस महत्त्वाचा.
- ग्रामसभेला जा. जमाखर्च वाचून दाखवायला सांगा आणि प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या. तो उद्याचा पुरावा असतो.
- बातमीत दुसऱ्या बाजूचं म्हणणं आहे का, ते बघा. नसेल तर थांबा, लगेच फॉरवर्ड करू नका.
- खरी बातमी करणाऱ्याला धमकी आली तर गाव म्हणून त्याच्या मागे उभे राहा. पोलीस ठाण्यात एकटा गेलेला माणूस आणि पन्नास जणांसोबत गेलेला माणूस यांच्या अर्जाला वेगवेगळी वागणूक मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे.
- वर्गणी मागितली तर जमेल तेवढी द्या. बातमीचा खर्च वाचकाने उचलला नाही, तर तो जाहिरातदार उचलतो. मग बातमीही त्याचीच होते.

पारावरची चर्चा कागदावर आणायला वेळ लागतो, पैसा लागतो आणि कुणीतरी पहिला अर्ज करावा लागतो. येत्या सोमवारी दुपारी ३ वाजता ग्रामपंचायतीचं दप्तर उघडं असायला हवं. रस्त्याचं मोजमाप पुस्तक तिथे नसेल, तर ते पंचायत समितीत मिळेल.